संशोधन केंद्राचं डेटाबेसचं काम : पहिलं टेंडर भरणाऱ्यांसाठी

संशोधन केंद्रांच्या निविदांमध्ये एक वाक्य फार वेळा भेटतं : ‘केंद्राकडील विद्यमान माहितीचे सुयोग्य डेटाबेसमध्ये स्थलांतर करून आवश्यक ती सल्लासेवा पुरविणे.’ डेटाबेसमध्ये चार-सहा वर्षं काढलेल्या माणसाला वाटतं, हे तर आपलं रोजचंच काम. मलाही तसंच वाटलं होतं. ‘सुयोग्य’ काय ते कोण ठरवणार आणि ‘आवश्यक ती’ कुठे थांबणार, हे विचारायचं मला पहिल्या कामात सुचलं नाही आणि सहा महिन्यांचं काम चौदा महिने चाललं. तेव्हापासून एक सवय लागली आहे. निविदा असो, प्रस्ताव असो की करार, प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा : हे काम पूर्ण झालं की नाही, हे बाहेरचा तिसरा माणूस तपासू शकेल का? खाली जे लिहिलं आहे ते सगळं याच प्रश्नाला धरून आहे.

आधीची तयारी

नोंदणीचं काम टेंडर दिसण्याआधीच उरकून ठेवा. अमेरिकेतल्या संघीय कामांसाठी सॅम हे पोर्टल, भारतात केंद्रीय सार्वजनिक खरेदी पोर्टल आणि २०१६ मध्ये सुरू झालेलं सरकारी खरेदीचं जेम. युरोपीय संघातल्या निविदा टेड या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात. पोर्टलनुसार थोडा फरक असतो, पण डिजिटल सही, करनोंदणी, लेखापरीक्षित ताळेबंद आणि आधीच्या कामांचे पूर्णत्वाचे दाखले बहुधा लागतात. शेवटच्या दिवशी डिजिटल सही चालली नाही म्हणून महिनाभराची मेहनत वाया गेलेले लोक मी पाहिले आहेत. अपलोड दोन दिवस आधी करायचं.

शोधताना ‘डेटाबेस’ या एकाच शब्दावर थांबू नका. अशी कामं ‘वैज्ञानिक माहिती व्यवस्थापन’, ‘प्रयोगशाळा माहिती प्रणाली’, ‘नमुना संग्रहाचे डिजिटायझेशन’, ‘निरीक्षण नोंदींचे संकलन’ अशा नावांखालीही निघतात.

निविदा हातात आली की पहिल्या पानापासून वाचू नका. मी आधी देयकाच्या अटी वाचतो, मग मूल्यमापनाची पद्धत, मग पात्रता आणि सगळ्यात शेवटी कामाची व्याप्ती. पैसे कशावर मिळणार हे कळलं की केंद्राला खरोखर काय हवं आहे तेही कळतं. ‘अंतिम अहवाल स्वीकारल्यावर शंभर टक्के’ असं लिहिलेलं असेल, तर सगळी जोखीम तुमच्या खिशावर आहे. ‘स्वीकारल्यावर’ म्हणजे कोणी, किती दिवसांत, कशाच्या आधारावर, हे लिहिलेलं नसेल तर तो तुमचा पहिला प्रश्न.

पात्रतेत उलाढाल किंवा ‘तत्सम कामांचा अनुभव’ कमी पडत असेल, तर मोठ्या संस्थेबरोबर संयुक्त प्रस्ताव किंवा उपसल्लागार म्हणून जाणं हा सरळ रस्ता आहे. पहिल्या कामासाठी मी तोच सुचवेन. दाखला ओढूनताणून बसवण्याच्या भानगडीत मात्र कधीही पडू नका. पडताळणीत खोटं सापडलं तर काळ्या यादीत नाव जातं.

आणखी एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. तुम्ही आज सल्लागार म्हणून केंद्राला ‘कोणती प्रणाली घ्यावी, तिचे तांत्रिक निकष काय असावेत’ हे लिहून दिलंत, तर उद्या तीच प्रणाली उभारण्याच्या निविदेत तुम्हाला भाग घेता येणार नाही, अशी अट बहुतेक सरकारी खरेदी नियमांत असते. ती रास्तही आहे, कारण स्वतःच्या मापाचा अंगरखा बेतून देणाऱ्याला तोच विकायला बसवणं बरोबर नाही. पण निर्णय आधी घ्यावा लागतो : सल्ल्याचं छोटं काम करायचं, की उभारणीच्या मोठ्या कामासाठी थांबायचं?

गुण कसे मोजतात

सल्लासेवेच्या निविदा बहुधा दोन लिफाफ्यांच्या असतात, तांत्रिक आणि आर्थिक. तांत्रिक लिफाफ्यात किमान गुण मिळाले तरच आर्थिक लिफाफा उघडतात. त्यानंतर कधी सर्वांत कमी दराला काम मिळतं, तर कधी गुणवत्ता आणि दर यांची सांगड घालतात. ही सांगड कागदावर एकदा स्वतः मांडून पाहा.

समजा तांत्रिक गुणांना ७० टक्के आणि दराला ३० टक्के वजन आहे. तुम्हाला तांत्रिक गुण ९२, तुमचा दर १२०. दुसऱ्याला गुण ७८, त्याचा दर १००. सर्वांत कमी दराला दराचे पूर्ण १०० गुण, आणि तुम्हाला १०० भागिले १२० गुणिले १००, म्हणजे ८३.३. वजन लावल्यावर तुमची बेरीज ६४.४ अधिक २५, म्हणजे ८९.४. त्याची ५४.६ अधिक ३०, म्हणजे ८४.६. वीस टक्के महाग असूनही काम तुमच्याकडे येतं. हीच निविदा ‘सर्वांत कमी दर’ पद्धतीची असती तर ते त्याच्याकडे गेलं असतं. म्हणून अशा गुणवत्ताप्रधान निविदेत दर कापत बसण्यापेक्षा पद्धतीचं प्रकरण नीट लिहिण्यात आणि योग्य माणसं नेमण्यात वेळ घालवावा. ज्यांची नावं व कार्यपरिचय देता तीच माणसं कामावर यावी लागतात, एवढं मात्र ध्यानात ठेवा. मधेच बदल केलात तर केंद्राची लेखी परवानगी लागते.

प्रस्तावाआधी डेटा पाहा

इथे थोडं थांबू, कारण या कामाचं भवितव्य इथेच ठरतं.

निविदापूर्व बैठकीची तारीख दिलेली असते. तिला जा, आणि जाण्याआधी प्रश्न लेखी पाठवा. तोंडी उत्तराला किंमत नाही. लेखी प्रश्नाचं उत्तर शुद्धिपत्रात छापून आलं की ते निविदेचा भाग होतं आणि सगळ्या स्पर्धकांना लागू होतं. ‘डेटा किती आहे?’ असं मोघम विचारू नका. असं विचारा : किती फाइली, कोणत्या स्वरूपात, सर्वांत जुनी नोंद कोणत्या वर्षाची, कागदावर किती आहे, दररोज किती भर पडते, एकाच वेळी किती जण वापरतात, सध्याच्या प्रणालीचा परवाना कोणाच्या नावावर आहे. आणि शेवटी एक विनंती : नमुन्यादाखल दहा फाइली केंद्राच्या आवारातच, प्रत न काढता, पाहायला मिळतील का?

अशाच एका भेटीत एका शास्त्रज्ञ बाईंनी मला त्यांची पर्जन्यमापनाची स्प्रेडशीट उघडून दाखवली. बारा महिन्यांचे रकाने, एकतीस ओळी, काही चौकोन पिवळे, काही फिकट गुलाबी. रंग सुशोभीकरणासाठी असतील असं समजून मी पुढे सरकत होतो. त्या म्हणाल्या, ‘‘थांबा. पिवळा म्हणजे त्या दिवशी यंत्र बंद होतं, शेजारच्या केंद्राचा आकडा घेतलाय. गुलाबी म्हणजे मला शंका आहे.’’ बावीस वर्षांच्या नोंदी होत्या आणि कोणता आकडा किती विश्वासाचा, हे फक्त रंगात साठवलेलं होतं. साध्या पद्धतीने मजकूर-फाइल काढून डेटाबेसमध्ये ओतली असती, तर आकडे सगळे बरोबर आले असते आणि त्या बाईंचं बावीस वर्षांचं शहाणपण पुसलं गेलं असतं. त्या दिवशी प्रस्तावात एक ओळ वाढली : ‘प्रत्येक निरीक्षणासोबत दर्जाखूण व स्रोत असे दोन स्वतंत्र रकाने; रंगांवरून त्यांचे रूपांतर करून शास्त्रज्ञांकडून तपासून घेणे.’ त्यासाठी अठरा मनुष्यदिवस धरले, आणि ते सगळे लागले.

विज्ञानाच्या डेटात असे सापळे खूप असतात. नोंद नाही हे दाखवायला कोणी उणे ९९९ लिहितं, आणि ते सरासरीत शिरतं. वेळ स्थानिक की जागतिक, हे लिहिलेलं नसतं. एककं गृहीत धरलेली असतात. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाजवळ नष्ट झालं, ते एका सॉफ्टवेअरने पौंड-बल-सेकंदात दिलेला आकडा दुसऱ्याने न्यूटन-सेकंदात धरल्यामुळे. जनुकांच्या नावांचंही असंच झालं. स्प्रेडशीट ‘सेप्ट१’, ‘मार्च१’ अशा नावांच्या आपोआप तारखा करत असे. शेवटी मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये त्या नावांमध्येच बदल केल्याचं जाहीर केलं.

‘डेटा शुद्धीकरण’ हा शब्द निविदेत दिसला की विशेष सावध व्हा. दुकानाच्या डेटाबेसमध्ये विचित्र आकडा ही चूक असते, प्रयोगशाळेत तोच शोध असू शकतो. अंटार्क्टिकावरचा ओझोन विरळ होत असल्याचं ब्रिटिश अंटार्क्टिक सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये जमिनीवरच्या मोजमापांवरून प्रसिद्ध केलं. नासाच्या उपग्रहालाही ते कमी आकडे दिसले होते, पण १८० डॉब्सन एककांखालच्या (डॉब्सन हे ओझोन मोजायचं एकक) नोंदींवर संगणकीय प्रक्रियेत ‘संशयास्पद’ अशी खूण पडत होती. मूळ नोंदी जपलेल्या होत्या म्हणून त्या पुन्हा तपासता आल्या आणि ओझोनच्या थरातलं विवर किती मोठं आहे ते कळलं. त्यामुळे माझ्या प्रत्येक प्रस्तावात एक वाक्य असतं : ‘कोणतीही मूळ नोंद पुसली वा बदलली जाणार नाही, दुरुस्ती स्वतंत्र रकान्यात, कारण, तारीख व व्यक्ती यांसह नोंदवली जाईल.’ हे तिसऱ्या माणसाला तपासता येतं. ‘उच्च दर्जाचे शुद्धीकरण’ तपासता येत नाही.

वीस प्रश्न

व्याप्ती कशी लिहायची याचं मला सर्वांत उपयोगी पडलेलं उत्तर खगोलशास्त्रातून आलं. स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे या आकाशाच्या मोठ्या सर्वेक्षणाचा डेटा लोकांना खुला करायचा होता, तेव्हा डेटाबेसतज्ज्ञ जिम ग्रे यांनी खगोलशास्त्रज्ञ अॅलेक्स सालाय यांच्याबरोबर काम करताना खगोलशास्त्रज्ञांना विचारलं : या डेटाला तुम्ही विचाराल असे वीस महत्त्वाचे प्रश्न सांगा. तेवढ्या प्रश्नांवरून रचना आकाराला आली, आणि २००१ मध्ये त्या डेटाचं संकेतस्थळ, स्कायसर्व्हर, खुलं झालं.

नवख्या माणसाने ही पद्धत जशीच्या तशी उचलावी. पहिल्या टप्प्याचं निष्पन्न म्हणून ‘वीस प्रश्नांची, संबंधित शास्त्रज्ञांनी सही केलेली यादी’ असं लिहा. प्रश्न त्यांच्याच भाषेत हवेत : ‘पाऊस सरासरीपेक्षा कमी असलेल्या वर्षांत कोणत्या विहिरींची पातळी उन्हाळ्याआधीच घसरली?’ यातून तुम्हाला टेबलं कळतात, शोध जलद करणारी अनुक्रमणिका (इंडेक्स) कुठे लागेल ते कळतं, आणि स्वीकृतीची कसोटीही मिळते : शेवटी हे वीस प्रश्न डेटाबेसला विचारायचे, उत्तरं शास्त्रज्ञांनी जुन्या पद्धतीने काढलेल्या उत्तरांशी ताडायची, आणि ठरलेल्या वेळेत येतात का ते घड्याळ लावून पाहायचं. वीसपैकी वीस जुळले की काम पूर्ण. वाद घालायला जागा राहत नाही.

एकविसावा प्रश्न येतोच. तो आला की बदलाच्या नोंदवहीत जातो. त्याबद्दल पुढे.

कराराचा प्रकार आणि दर

डेटा आधी पाहायला मिळाला असेल तर ठोक दराचा करार चालेल. नसेल, तर मी दोन भाग सुचवतो. पाहणी, वीस प्रश्न आणि आराखडा हा पहिला भाग ठोक दराने. स्थलांतर हा दुसरा भाग, पाहणीनंतर मोजलेल्या परिमाणावर. काही केंद्रं दिवसाच्या दराने करार करतात. त्यात कमाल मर्यादा घातलेली असते आणि तिच्या पलीकडे केलेल्या कामाचे पैसे मिळण्याची हमी नसते. त्यामुळे खर्च मर्यादेच्या पाऊणभर झाला की लेखी कळवून टाका.

अंदाज काढताना नवखे लोक रचना आणि प्रोग्रामिंगचे दिवस मोजतात. जुना डेटा समजून घेण्याचे, शास्त्रज्ञांची वाट पाहण्याचे, प्रवेशपत्र व सुरक्षा पडताळणी होईपर्यंतचे आणि प्रशिक्षणाचे दिवस राहून जातात. क्षेत्रभेटींच्या हंगामात शास्त्रज्ञ महिनाभर जागेवर नसतात. मोहिमेचं वेळापत्रक विचारून मगच कामाचं वेळापत्रक मांडा. अनामत रक्कम, कामगिरीची हमी आणि देयक मंजूर होईपर्यंतचे महिने यांचा भार पेलेल एवढं खेळतं भांडवल हाताशी हवं. ते नसेल तर मोठं काम घेऊ नका.

सॉफ्टवेअरची निवड करताना केंद्राच्या दहा वर्षांनंतरच्या खर्चाचा विचार करा, कारण संशोधनाचा डेटा प्रकल्पापेक्षा जास्त जगतो. पोस्टग्रेएसक्यूएलसारख्या मुक्त डेटाबेसला परवाना शुल्क नाही आणि त्याला पोस्टजीआयएस ही पुरवणी जोडली की भौगोलिक प्रश्नही सुटतात. व्यावसायिक उत्पादन खरंच लागत असेल तर जरूर सुचवा, पण परवाना केंद्राच्या नावावर घ्यायला लावा. तुमच्या नावावर घेतलात तर तुमच्याबरोबर डेटाची किल्लीही निघून जाते.

काम मिळाल्यावर

कार्यादेश हाती आल्यावर पहिल्याच बैठकीत विचारा : काम स्वीकारल्याची सही कोण करणार, आणि व्याप्ती बदलण्याचा अधिकार कोणाला? ही बहुधा दोन वेगळी माणसं असतात. शास्त्रज्ञ काम तपासतो, करार बदलण्याचा अधिकार खरेदी विभागाकडे असतो. हा फरक कळला नाही तर फार महागात पडतं. चहाच्या वेळी कोणी आपुलकीने म्हणतं, ‘‘तेवढं मातीच्या नमुन्यांचंही यात घालून टाका ना.’’ मागणी रास्त असते, माणूस चांगला असतो, तुम्हालाही नाही म्हणवत नाही. वर्षअखेरीस त्या चाळीस दिवसांचं देयक लावता तेव्हा लेखा विभाग विचारतो, आदेश कुठे आहे?

यावर उपाय म्हणजे एक साधी नोंदवही. तारीख, मागणी कोणाची, काय हवं आहे, किती दिवस लागतील, किती खर्च, अधिकाऱ्याचा निर्णय, सही. मागणी आली की हसतमुखाने नोंद करा आणि त्याच दिवशी मेल पाठवा : ‘आज आपण सुचवलेला बदल नोंदवही क्रमांक सातवर घेतला आहे, मंजुरीनंतर सुरू करू.’ शास्त्रज्ञ रागावत नाहीत. उलट पुढच्या अर्थसंकल्पात त्या कामाची तरतूद करायला त्यांना हाच कागद कामी येतो.

डेटा केंद्राच्या आवाराबाहेर नेऊ नका. चाचणीसाठी लागलाच तर बनावट नोंदी तयार करा. अप्रकाशित निष्कर्ष, रुग्णांची माहिती, दुर्मीळ प्रजातींची नेमकी ठिकाणं, यातलं काहीही तुमच्या लॅपटॉपवर सापडलं तर काम जाईल, आणि त्याहून वाईट म्हणजे कोणाचं तरी खरं नुकसान होईल. वाघाच्या गुहेचे अक्षांश-रेखांश फुटले तर शिकाऱ्याला वाट सापडते. कोण काय पाहू शकतो याचा तक्ता शास्त्रज्ञांबरोबर बसून करा आणि त्यावरही सही घ्या.

डेटा शोधता यावा, मिळवता यावा, इतर प्रणालींशी जुळावा आणि पुन्हा वापरता यावा, ही फेअर तत्त्वं २०१६ मध्ये मांडली गेली. आता अनुदान देणाऱ्या अनेक संस्था ती मागतात. ‘फेअरनुसार’ एवढंच न लिहिता तपासता येईल असं लिहा : प्रत्येक डेटासंचाला कायमस्वरूपी ओळखक्रमांक, प्रत्येक रकान्याची व्याख्या व एकक दिलेला डेटाकोश, आणि खुल्या स्वरूपात निर्यात.

हस्तांतरण

बॅकअपबद्दल निविदेत ‘नियमित बॅकअप’ एवढंच असतं. त्याऐवजी दोन आकडे ठरवून घ्या : जास्तीत जास्त किती तासांच्या नोंदी गमावणं चालेल, आणि बंद पडल्यावर किती तासांत पुन्हा उभं राहायचं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीत एका अभियंत्याकडून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला गेला. बॅकअप आणि प्रतिकृतीच्या पाच पद्धती होत्या, त्यातली एकही भरवशाची निघाली नाही आणि सुमारे सहा तासांचा डेटा गेला. हे सगळं त्यांनीच उघडपणे लिहून जाहीर केलं, ही त्यांची मोठी गोष्ट. बॅकअप घेतला जातो याचा अहवाल देऊ नका, त्यातून डेटा परत उभा करून दाखवा. दर तीन महिन्यांनी, तारीख लिहून.

हस्तांतरणाच्या दिवसाचा कार्यक्रम मी करारातच लिहून घेतो. केंद्राचा एक कर्मचारी खुर्चीवर बसतो, मी त्याच्या मागे उभा. कीबोर्डला हात लावायचा नाही, असा नियम. रिकामी मशीन, कालचा बॅकअप, आणि आम्ही लिहून दिलेली पुस्तिका. तो डेटाबेस उभा करतो, पासवर्ड स्वतः बदलतो, मग वीस प्रश्न एकेक करून चालवतो आणि शेजारी शास्त्रज्ञ उत्तरं ताडत बसतात. जिथे तो अडतो, तिथे दोष पुस्तिकेचा. ते पान त्याच दिवशी दुरुस्त करायचं आणि त्याने पुन्हा सुरुवातीपासून करायचं. एका ठिकाणी हे तीनदा करावं लागलं, संध्याकाळचे साडेसात वाजले. तिसऱ्या खेपेला पिवळ्या चौकोनांवरून आलेल्या दर्जाखुणांसकट विसावं उत्तर जुळलं, तेव्हा त्या कर्मचाऱ्याने पुस्तिकेच्या समासात पेन्सिलीने स्वतःची एक टीप लिहिली आणि मगच स्वीकृतीपत्रावर सही केली.